शेठ पुढे बसले की बोट शहाणी

"शेठ, तुम्ही उठून पुढच्या टोकाला बसा," मी म्हणालो. नव्वद किलोचे पारसशेठ जीव मुठीत धरून पुढे सरकले आणि सकाळपासून बेडकासारखी उड्या मारणारी बोट एकदम शहाण्यासारखी धावू लागली.

शेठचं शिंदखेड्यात कापडाचं दुकान. घरच्यांचा विरोध मोडून, तापीच्या बॅकवॉटरमध्ये पर्यटक फिरवायला त्यांनी ही पॉवरबोट घेतली होती. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होता. बोट नापास झाली तर परवाना नाही, सगळा सीझन वाया. मी मुंबईच्या बंदरात पंचवीस वर्षं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली इंजिनं, दुरुस्त करून आता धुळ्यात राहणारा माणूस. "अर्ध्या तासाचं काम," असं धुळ्याहून निघतानाच फोनवर बोलून बसलो होतो.

वेगात बोटीचं नाक वरखाली आपटतं, त्याला आम्ही पोरपॉइझिंग म्हणतो. बहुतेकदा दोष ट्रिमचा, म्हणजे इंजिनाच्या तिरकेपणाचा. ट्रिमची पिन एक भोक आत घेतली. फरक नाही. प्रोपेलर बदलला. तेच. शेठ पुढे बसल्यावर मात्र कळलं, मागे वजन जास्त आहे.

"मग प्रत्येक फेरीला मीच पुढे बसू? दुकान कोण बघेल?" शेठ म्हणाले.

बॅटरी पुढे नेली, पेट्रोलची टाकी पुढे नेली. शेठ उतरले की बोट पुन्हा उड्यांवर. माझा पारा चढला. "बोटच चुकीची बनलीय," मी जाहीर करून टाकलं. शेठचा चेहरा पडला.

बोट चालवायला ठेवलेले दगाआबा जवळ आले. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. ते म्हणाले, "पानी कमी पडनं व्हई का?"

"कसलं पाणी?"

"मांगला डबामा भरेल शे ना. टॅक्टरना मांगला चाकमा नही भरतस का? वजन नही ऱ्हायनं ते चाक जागावरच फिरस."

मागचा डबा म्हणजे बोट तरंगावी म्हणून मुद्दाम रिकामी ठेवलेली हवेची पेटी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी भरतात तसं पाणी आबांनी पाईप लावून तिच्यात काठोकाठ भरलं होतं.

"आबा, सकाळीच सांगायचं ना!"

"तू इचारं का? तू ते येताच पाना काढा."

बोट काठावर ओढली, आबांनी पेटीचं बूच काढलं. पाणी वाहून जाईपर्यंत मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग बोट सरळ धावली, आणि दुसऱ्या दिवशी पासही झाली.

"कोणी ठीक केली?" शेठकडून उड्यांची गोष्ट ऐकून इन्स्पेक्टरनं विचारलं.

मी पुढे सरसावलो. तोवर आबा बोलून गेले, "मीच. पानी काढं."

खोटं तरी कसं म्हणू? हल्ली मी कुठेही गेलो की पाना पिशवीतच ठेवतो. आधी चालवणाऱ्यासोबत एक चहा घेतो आणि विचारतो, "तुम्ही काय काय केलंय?"