नंतर पुसलेला वजनकाटा

माझी सात वर्षांची लेक वजनकाट्यावरून उतरली आणि दवाखान्यातल्या बाईंनी स्पिरिटचा बोळा घेऊन काटा पुसला.

आमच्या आधी बरीच मुलं त्यावर चढली-उतरली होती. कुणाच्याही मागे बोळा फिरला नव्हता. एकाने तर काट्यावर बिस्किटाचा चुरा सांडला, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, असू दे बाळा. मग माझा फोन वाजला. भावाचा होता. मी सवयीने "जय भीम, दादा" म्हणाले. बाईंनी मान वर करून पाहिलं. मधे फक्त एवढंच घडलं होतं.

मुलुंडमधला नावाजलेला मुलांचा दवाखाना. भिंतीवर हत्ती, जिराफ. मी विमा कंपनीत नोकरी करते. दोघींच्या अंगावर इस्त्रीचे कपडे होते. हे कशाला सांगतेय मी? आपण स्वच्छ आहोत हे सांगत सुटायची खोड हाडात मुरलीय. त्या खोडीचीही किळस येते मला.

लेकीचे हात फाटले होते. पेरांवर भेगा, भेगांत रक्त. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं. हात हातात घेतला नाही. पेनाने खूण करून म्हणाले, उलटा कर. मलम लिहून दिलं आणि मला म्हणाले, "तुमच्या लोकांत स्वच्छता जरा कमीच असते. हिला नीट हात धुवायला शिकवा."

मी "हो" म्हणाले. तो हो अजून सलतोय मला.

घरी पोचलो तशी पोर मोरीत शिरली. मी कपडे बदलून येते तर भांड्यांच्या घासणीने हात घासत बसलेली. पाणी लालसर. मी घासणी हिसकावून घेतली.

"डॉक्टरकाका म्हणाले ना," ती म्हणाली. मग हळूच, "मम्मी, किती वेळ धुतलं की जातं?"

"काय जातं?"

"ते मला माहीत नाही. पण जात नाहीये."

मी मोरीतच बसले. मग एकेक बाहेर आलं. वर्गात हिच्या शेजारची मुलगी, ही उठली की ओल्या टिश्यूने बाक पुसते. तसं तिच्या आईनेच शिकवलंय. आमच्या जय भीमवाल्या बिल्डिंगमधल्या मुलांचा हात लागला की पुसायचं. टीचरनी काय केलं, तर हिलाच उचलून शेवटच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून ही धुतेय. शाळेत, घरी, जिथे नळ दिसेल तिथे. धुऊन धुऊन रक्त आलेल्या पोरीला डॉक्टर सांगतात, धू. रोग म्हशीला, औषध पखालीला.

आठवड्याने परत बोलावलं होतं. मुद्दाम गेले. लेक काट्यावर चढली, उतरली. बाईंनी बोळा उचलला. मी त्यांचं मनगट धरलं.

"पुसायचा तर ती चढायच्या आधी पुसा. सगळ्यांच्या आधी पुसा. ती स्वच्छता. तिच्या एकटीच्या मागून पुसता, ती जात."

बाकड्यांवरचे आईबाप मोबाइलात घुसले. डॉक्टर बाहेर आले. सीन करू नका, इथे आम्ही जात बघत नाही, म्हणाले.

"मग तिला एकच विचारा. शाळेत असं काय होतं, की सारखे हात धुतेस?"

शाळेतल्या भानगडी इथे आणू नका, मी मुलांचा डॉक्टर आहे, म्हणाले. मूल समोर उभं होतं. दुधाची अ‍ॅलर्जी विचारली होती त्यांनी, धुळीची विचारली होती, घरात मांजर आहे का तेही विचारलं होतं. फक्त हे विचारायची त्यांना शिसारी होती. मला त्या माणसाची, त्या जिराफाची, सगळ्याची ओकारी आली. लेकीला घेऊन निघाले.

भांडुपच्या एका डॉक्टरबाईंनी ते विचारलं. तिचे हात आपल्या हातात घेऊन. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी स्वतः शाळेत फोन करून ठणकावलं, या मुलीच्या आजाराचं कारण तुमच्या वर्गात आहे. तिचा शेवटचा बाक बदलला.

हात बरे झाले. पण पोर अजूनही कुठून उठली की मागे वळून बघते, कुणी पुसतंय का. त्याला मलम नाही.

म्हणून आता कुठल्याही डॉक्टरच्या खोलीत गेले की आधी मी सांगते, हिला शाळेत काय झालंय ते. त्याबद्दल तिला विचारणार असाल तर बसते, म्हणते. आणि पोरीला सांगून ठेवलंय, तू मागे बघू नकोस. मागे मी उभी आहे. ज्याच्या हातात बोळा असेल, त्याचा हात मी धरणार.