गुडघ्यांचा गुरुवार

आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी गुडघे येतात. सोबत माणसंही येतात, पण रजिस्टरला गुडघेच! झिजलेल्या गुडघ्यांनी माणूस किती अडलाय ते तपासून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नोंद करणं, हे माझं फिजिओथेरपिस्टचं काम. फॉर्म संध्याकाळी कपाटात जातात, किस्से मात्र माझ्यासोबत घरी येतात.

*

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी सात जणांच्या नावांपुढे लिहून टाकलं, 'आधाराशिवाय चालतात.' भिंत धरून का होईना, सगळे बिनकाठीचेच आत आले होते. दुपारी बाहेर डोकावले तर चपलांशेजारी सात काठ्या! मॅडमसमोर काठी घेऊन कसं जायचं, म्हणून अदबीनं काढून ठेवलेल्या. सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं.

*

फॉर्मवर एक प्रश्न आहे : एक किलोमीटर चालता येतं का? दुसरबीडच्या एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, "कोणीकडं?" शेताकडे उतार आहे, तिकडे जमतं. घराकडे चढ, तेव्हा नातवाची मोटरसायकल लागते. फॉर्मवर दिशेचा रकाना नाही. मी कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'जाताना होय.'

*

मग चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. मी घड्याळ लावते. एक मावशी बऱ्या निघाल्या, पण वळायच्या जागी बाकावर त्यांच्या माहेरची बाई बसलेली! विचारपूस केल्याशिवाय माघारी कशा येणार? लेकी, जावई, म्हशी, सगळं झालं. वेळ आली सहा मिनिटं. मी बाक रिकामा करून त्यांना पुन्हा चालायला लावलं.

*

धाड गावच्या कौसाबाई सुनेसोबत आल्या. सून नर्स. देऊळगाव राजाला नोकरी लागली होती, पण सासूला एकटं टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता. तसं तिनंच मला सांगितलं. एक्स-रेमध्ये सासूचे दोन्ही गुडघे पार झिजलेले. मी विचारत गेले. पायऱ्या चढता? हाव. पाणी भरता? हाव. खाली बसून उठता येतं? हाव. मला रागच आला. अशानं प्रमाणपत्र कसं मिळायचं! सुनेला झेरॉक्स काढायला पाठवलं आणि म्हटलं, मावशी, आता उठून दाखवा.

हात टेकून त्यांनी तीनदा जोर लावला. उठता आलं नाही. मी पेन उचललं, तसा त्यांनी माझा हात धरला.

"सोमवारी तिले नोकरीवर हजर होऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "मंग मंगळवारी लिहजो."