रंगरावांना आग्रह

कुसुमकाकूंच्या घरी जेवताना ताटावर हात आडवा धरून काही उपयोग नसे. त्या हात बाजूला सारून पोळी वाढत आणि समोर खुर्ची ओढून ती संपेपर्यंत टक लावून बघत. "लाजू नकोस. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी आई नागपुरात, काकू अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत. दोघींची कधी गाठही पडली नव्हती. २००४ साली नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिलो, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या सगळ्या पँटी घट्ट झाल्या.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मुग्धा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉलेजला बॉस्टनला गेली. निघताना मायलेकींचं चांगलंच वाजलं, तेही जेवणावरूनच. जाता जाता मुग्धानं आपला पाळीव कॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा हिरवागार सरडा, आईच्या हवाली केला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येईन तेव्हा ही हॅज टू बी अलाइव्ह, आई. प्लीज." पुढे तिचे फोन आले ते फक्त सरड्याच्या चौकशीचे. तो गेला तर फोनही बंद होतील, ही धास्ती काकूंनी घेतली होती.

घरात राहणारा म्हणजे मानाचा, म्हणून काकूंनी त्याचं नाव रंगराव ठेवलं आणि अहोजाहो सुरू केलं. ज्या घरात अंडं आलं नव्हतं तिथे आता जिवंत रातकिड्यांचा डबा आला. रातकिड्यांना आधी पोटभर खायला घालावं, म्हणजे सरड्याला सकस मिळतं, असं दुकानदारानं सांगितलेलं. काकू त्यांना गाजर किसून घालत. "खाऊन घ्या रे बाबांनो," असं म्हणताना त्यांचा आवाज कातर होई. मग कॅल्शियमच्या पावडरीत त्यांना हलकेच घोळवायचं आणि पिंजऱ्यात सोडायचं.

रंगराव काही खाईनात. काकू पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसत. "एकच घ्या. हा बघा, कसा गुटगुटीत आहे. माझ्यासाठी?" रंगरावांचा एक डोळा काकूंवर, दुसरा माझ्यावर, आणि अंगाचा रंग काळपट होत चाललेला. "मुग्धासारखंच आहे मेलं, हट्टी," त्या म्हणाल्या. शेवटी लहान मुलाला दाखवतात तशी त्यांनी स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. "तूही काढ रे. दोघांची बघून तरी शिकेल." आम्ही दोघं सरड्याला जीभ दाखवत असताना खिडकीबाहेर लॉन कापणाऱ्या शेजाऱ्यानं मशीन बंद करून आमच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे मागच्या अंगणात निघून गेला.

प्राण्यांच्या डॉक्टरनं रंगरावांना तपासलं आणि विचारलं, त्याला खायला घालता तेव्हा तुम्ही कुठे असता?

"समोर! दुसरीकडे कुठे असणार?" काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसला. हे लाजाळू प्राणी असतात, कुणी रोखून बघितलं की भितात आणि खाणं सोडतात, असं त्यानं समजावलं. गाडीत काकू फणफणल्या. "पाहुण्याला एकटं जेवायला बसवायचं? ही काय रीत झाली?"

पण घरी येऊन त्यांनी जुनी नारायणपेठ साडी पिंजऱ्याभोवती लावली, रातकिडे आत सोडले आणि किचनमध्ये फ्रीजकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. मग मागून जिभेचा बारीकसा चट्ट आवाज आला.

"जेवले!" काकू पुटपुटल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

थँक्सगिव्हिंगला मुग्धा आली. रंगराव टुणटुणीत होते, तीच वाळली होती. ती टेबलाशी बसली. काकूंनी आमटी-भात, भाजी वाढली, समोर खुर्ची ओढली आणि सवयीनं म्हणाल्या, "एवढंच? अगं, हाडं दिसतायत." मुग्धाचा चेहरा उतरला. तिनं ताट बाजूला सारलं. "आई, स्टॉप वॉचिंग मी."

पोळी घेतलेला काकूंचा हात हवेतच थांबला. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला, उठल्या आणि फ्रीजकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी दारातच होतो. जरा वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "खातेय का रे?"

"हो. आपल्या हातानं पोळी घेतली."

"मग तू कशाला बघतोयस मेल्या? इकडे तोंड कर."

मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आमच्या पाठीमागे मुग्धा आमटी भुरकत होती.