कोयना पाणी सोडते

नितीनच्या शेडमध्ये लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. गाडी उघडून परत जोडली की दोन-तीन नट उरतातच, ते तो त्या बरणीत टाकतो. "हे कुठले रे?" विचारलं तर म्हणतो, "एक्स्ट्रा!" गाडीचे किस्सेही असेच उरलेले. इथे डच मुलखात, नायमेखनमध्ये, आमच्या मराठी बायका भेटल्या की पहिला प्रश्न, "आजी, गाडी काय म्हणते?" मग मी बरणी उपडी करते.

*

नितीन माझा मुलगा. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पाच वर्षांपूर्वी डोंगरात, चिखलात चालवायची एक चौकोनी गाडी त्याने घरी आणली. गाडी त्याच्या लग्नाहून जुनी. आणि या देशात डोंगर औषधालाही सापडत नाही!

सून रुपाली हौसेने आत जाऊन बसली. म्हणाली, "एसी कुठंय?"

"काच खाली कर."

"काच खाली होत नाहीये, नितीन."

"मग दार उघड!"

तिने दार उघडलं, उतरली आणि थेट घरात गेली.

नाव मी ठेवलं, कोयना. आमच्या कराडकडे पावसाळ्यात धरण भरलं की कोयना पाणी सोडते. ही बारा महिने सोडते.

*

आमचे मालक कराड ते चिपळूण वडाप चालवायचे, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. नितीनला पुण्याला कॉलेजात घातलं तेव्हा ती जीप विकली. त्या दिवशी नितीन जेवला नाही. आता दर शनिवारी तो कोयनेच्या खाली आडवा असतो. मी चहा चाकाजवळ ठेवून येते.

*

शेजारी यान म्हणून एक डच गृहस्थ राहतात. रोज सकाळी साडेसातला कोयना सुरू झाली की सगळी गल्ली हादरायची आणि यानच्या खिडकीचा पडदा हलायचा. रुपाली म्हणायची, "बघा, एक दिवस तक्रार येणार."

एकदा नितीन सायकलने ऑफिसला गेला. नऊ वाजता बेल वाजली. दारात यान, केस विस्कटलेले, अंगात नाइट ड्रेस.

रुपालीने घाईघाईने आधीच "सॉरी" म्हणून टाकलं.

यान म्हणाला, "सॉरीचं नंतर बघू. आज गाडी का नाही सुरू केलीत? माझी डेंटिस्टची अपॉइंटमेंट चुकली!"

*

मला वाचता येत नाही, पण जीपवाल्याची बायको आहे मी. एकदा कोयना चालताना घुमायला लागली. नितीनचे तीन मित्र जमले, तिघेही इंजिनिअर. एकाने फोनमध्ये तो आवाज भरून घेतला आणि कुठल्याशा ॲपला ऐकवला. ॲपने सांगितलं, "वॉशिंग मशीन."

मी म्हटलं, "मागचं डावं चाक बघा. बेअरिंग गेलंय."

बेअरिंगच निघालं. त्या मित्राने ते ॲप काढून टाकलं म्हणतात.

*

मागच्या वर्षी हिवाळ्यात रस्त्यावर काचेसारखा बर्फ झाला. ट्रेन बंद आणि रुपाली ब्रेडा गावातल्या तिच्या ऑफिसात अडकलेली. नितीन म्हणाला, "मी कोयना घेऊन येतो." ती फोनवर म्हणाली, "त्यापेक्षा मी इथेच टेबलावर झोपते!"

तरी तो गेला. हीटर चालत नाही म्हणून मी दोन गोधड्या आणि थर्मासभर चहा दिला. जाता-येता दोन्ही बाजूंना नव्या चकचकीत गाड्या आडव्या-तिडव्या लागल्या होत्या म्हणे. कोयना आपली मधून डुलत डुलत आली. ब्रेडा ते नायमेखन रुपाली घोरत होती.

घरात पाय ठेवला आणि म्हणाली, "किती वास येतो हिला! विकून टाक."

*

जेवताना एकदा मी मालकांची गोष्ट सांगितली. कुंभार्ली घाटात त्यांच्या जीपचा रेडिएटर गळायला लागला. आत लग्नाचं वऱ्हाड. मुहूर्त जवळ आलेला. मालकांनी करवलीच्या ताटातली हळद घेतली आणि रेडिएटरमध्ये ओतली. फट बुजली! नवरीला हळद जरा कमी लागली, पण लग्न वेळेवर लागलं.

नितीन हसून हसून ठसकला. "आई, घरात इंजिनिअर आहे गं!"

नात ईरा डचमध्ये काहीतरी बोलली आणि तीही हसली. रुपालीने मान वर केली नाही. फोनवर तिचं काही चाललं होतं. "किती चमचे?" एवढंच तिने विचारलं.

"मूठभर," मी म्हटलं. मला वाटलं, भाजीचं विचारतेय.

*

इथे गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला आपेका म्हणतात. गेल्या साली गॅरेजवाल्या उंच बाबाने कोयनेखालचं थारोळं बघून नितीनला बजावलं होतं, "पुढच्या वेळी एक थेंब जरी पडला तरी शिक्का नाही."

रुपालीने ते पकडून ठेवलं. "नापास झाली की विकायची. प्रॉमिस?"

नितीनने प्रॉमिस दिलं. नवा रेडिएटर इंग्लंडहून मागवला. तपासणी बुधवारी, आणि पार्सल सोमवारीही कस्टममध्येच! मंगळवारी रात्री तो जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं.

बुधवारी मीही निघाले. तो म्हणाला, "तू कशाला?"

"पाच वर्षं घरात होती. पोचवायला नको?"

गॅरेजात गाडी वर उचलली. उंच बाबाने खाली पुठ्ठा अंथरला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. नितीन पुठ्ठ्याकडे बघेना, भिंतीवरच्या टायरांकडे बघत बसला. एक कॉफी झाली. दुसरी झाली. पुठ्ठा कोरडा!

बाबाचा विश्वास बसेना. गाडी खाली घेतली, गार होऊ दिली, रेडिएटरचं टोपण उघडून आत बोट घातलं. बोट पिवळंधमक. त्याने वास घेतला. मग नितीनकडे बघितलं आणि विचारलं, "करी?"

नितीन गर्रकन वळला. "आई!"

"देवाशपथ मी नाही," मी म्हटलं. "माझा हात तरी पोचतो का त्या बॉनेटपर्यंत?"

बाबाने वाकून पुन्हा एकदा पुठ्ठा बघितला. मग फडक्याला बोट पुसलं आणि शिक्का मारला.

घरी आलो. रुपालीचं घरूनच ऑफिस चालू होतं, कानात ते हेडफोन.

"पास झाली," नितीन म्हणाला.

"अच्छा," ती म्हणाली. लॅपटॉपवरची नजर हलली नाही.

मी भाजी टाकायला आत गेले. रविवारीच मी नवं पाकीट फोडून मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी काठोकाठ भरली होती. डबा उघडते तोच बाहेरून हाक आली, "आई, ईराला यादीत लिहायला सांगाल का? हळद संपलीये."