आर्नेचा कोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही – म्हणून तर जमतंय बहुधा.

सुरुवात आर्नेपासून करते. त्याच्याबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं. तेवढाच मूळ मुद्दा लांबतो, हेही खरं.

ऐंशीच्या दशकात आम्ही कार्डिफला होतो. मी आणि श्रीकांत, दोघंही एकाच हॉस्पिटलमध्ये, राहायला हॉस्पिटलच्याच क्वार्टर्समध्ये. श्रीकांत सर्जरीत – दर सहा महिन्यांनी टाय बांधून नव्या पोस्टच्या इंटरव्ह्यूला जाणारा. मी जेरियाट्रिक्समध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेलं ते काम आपल्या लोकांच्या वाट्याला यायचं. मला मात्र ते आवडायला लागलं होतं. साधा विसरभोळेपणा कुठला आणि आजार कुठला, हे ओळखण्यात तिथं माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फुशारकी मारत नाहीये. हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आर्ने समोरच्या घरात राहायचा. सत्तरी उलटलेला, बायको गेलेली, मुलगी कॅरिस मँचेस्टरला. नाव नॉर्वेचं, उच्चार अमेरिकेचे आणि शिव्या वेल्श. आईबाप नॉर्वेहून नॉर्थ डाकोटात गेलेले, हा तिथं जन्मला आणि मिसरूड फुटायच्या आत शेतमजूर झाला. मळणीच्या दिवसांत मशीनबरोबर या शेतावरून त्या शेतावर जायचं, रात्री गोठ्याच्या माळ्यावर अंग टाकायचं. मग युद्ध आलं. नॉर्वेजियन बोलणाऱ्या पोरांची अमेरिकेच्या सैन्यानं एक वेगळी तुकडी काढली, तिचा तळ पडला वेल्समध्ये, आणि तिथल्या चॅपलमध्ये चहा वाटणारी ग्वेन याला भेटली. पुढे युरोपातली लढाई, बर्फातले महिने. सगळं संपल्यावर हा डाकोटाला जाऊन आईला भेटून आला आणि उरलेलं आयुष्य ग्वेनच्या मुलखात लोकांच्या गाई दोहत राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबलो, असं म्हणायचा. कुरकुर म्हणून नाही, आपण गावाचं नाव सांगतो तसं.

लढाईबद्दल फारसं बोलायचा नाही. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचा – "डॉक, माझ्या पहाऱ्यावर कधी काही घडलं नाही." बाकीची पोरं झोपलेली असताना हा जागा असायचा, आणि ती सकाळी जिवंत उठायची. पदक नाही, जमीन नाही, शिक्षण नाही. अभिमान वाटावा असं त्याच्याकडे हे एवढंच होतं.

आमची मृणाल तेव्हा चार वर्षांची. दुपारी तिला नर्सरीतून आणायचा तो आर्ने. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा पावसात माझी धावपळ पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. आम्ही येईपर्यंत आमच्याच घरात बसायचा, वरणभात चमच्यानं चवीचवीनं खायचा. मृणाल त्याला आर्नेआजोबा म्हणायची.

त्याचा पाइप असायचा. पण घरात कधीच नाही. मागच्या दाराबाहेर भिंतीवर पाइप ठोकायचा, अंगठा थुंकीनं ओला करून आतली राख दाबायचा, डोळा लावून बघायचा, मगच पाइप कोटाच्या खिशात. सुक्या पेंढ्याजवळ वाढलेल्या माणसाची ती सवय. आत आला की कोट मागच्या दारामागच्या खुंटीवर. कार्डिफचा पाऊस, कोट कायम ठिबकत असायचा, म्हणून खाली मी वर्तमानपत्र अंथरून ठेवायचे. हे सगळं मी रोज पाहत होते. रोज.

आणि मग ते नवरात्र आलं.

श्रीकांतची पोस्ट संपत आलेली, पुढची ठरलेली नाही. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन – यंदा घट बसव, अखंड दिवा लाव, सगळं नीट होईल. माझा विश्वास होता का? आजही सांगता येत नाही. नव्हता म्हणावं तर दिवा मी लावलाच. आमचं देवघर जिन्याखालच्या कपाटात होतं. क्वार्टर्समध्ये उघडी ज्योत लावायला सक्त मनाई, म्हणून कपाटाचं दार लोटून ठेवायचे. तिथं आमचे देव आहेत, एवढंच आर्नेला सांगितलं होतं. त्यानं ते दार कधी उघडलं नाही. दिव्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. आपण चोरून दिवा लावतो हे कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

पाचव्या माळेला दुपारी वॉर्डातून बोलावणं आलं. आर्ने मृणालला घेऊन आलेलाच होता. मी समईत काठोकाठ तेल घातलं. यायला उशीर झाला तर विझायला नको म्हणून वातही चांगली पुढे सारली. ज्योत मोठी झाली. मागे लाल खणाचा पडदा होता, तो मला दिसत होता. मी दार लोटलं आणि गेले.

फोन शेजारणीनं केला. मी धावत पोचले तेव्हा मृणाल फुटपाथवर शेजारणीच्या कडेवर होती, ठणठणीत. आर्नेनं तिला बाहेर सोडलं होतं आणि परत आत गेला होता. कपाट उघडलं, दारामागचा कोट ओढून आणला, आगीवर टाकला, हातांनी दाबला. आग विझलेली होती. फायर इंजिन अजून यायचं होतं.

मी एकटीच आत गेले. समई आडवी पडली होती. ती मी ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि पर्समध्ये घातली.

का? काय काय नाही आलं मनात त्या क्षणी – क्वार्टर जाईल, श्रीकांतला कुणी रेफरन्स देणार नाही, हे इंडियन लोक कपाटात आगी लावतात असं कँटीनमध्ये बोललं जाईल, आणि वर मी डॉक्टर! आर्ने मात्र मनात आला नाही. खरंच आला नाही.

फायरमननं विचारलं, मेणबत्ती वगैरे काही होतं का? मी नाही म्हणाले. मग जळक्या कोटाच्या खिशातून त्यानं पाइप काढला आणि मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं.

आर्नेचे तळवे भाजले होते. स्वयंपाकघरात बसवून मीच त्यांना मलम लावलं, बँडेज बांधलं. तो म्हणाला, "कोट मी नंतर टाकला, डॉक. दारामागून ओढून आणला." मी बँडेज गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही आर्ने, आज तुम्ही कोट कपाटातच टांगला होता. मी जाताना पाहिला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. आपल्याला आठवत नाही ते डॉक्टरला आठवतंय म्हणून.

हे घाबरून झालं, असं म्हणता येईल. मीही कित्येक वर्षं तसंच म्हणत होते – स्वतःशी. पण गोष्ट इथं संपत नाही.

दिवाळी झाली. कपाट दुरुस्त झालं, श्रीकांतला पोस्ट मिळाली, सगळं निवळलं. आणि एक दिवस आर्ने टाय बांधून माझ्या क्लिनिकमध्ये आला. माझं डोकं तपास म्हणाला. मी तपासलं. पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा, हा पत्ता लक्षात ठेवा आणि शेवटी सांगा. एकही चूक नाही. माझ्या निम्म्या स्टाफपेक्षा तल्लख होता तो. मी तसं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग कोटाचं कसं काय?"

दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघंच. मला कसली भीती नव्हती, कुणाचं काही जाणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी माझ्या डॉक्टरी आवाजात म्हणाले, "असं होतं, आर्ने. परीक्षेत सगळं येतं आणि घरी एखादी गोष्ट निसटते. या वयात चालायचंच."

त्यानं मान डोलावली, थँक यू म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

त्यानंतर त्यानं पाइप सोडला. मृणालला आणायचं सोडलं. माझ्या पहाऱ्यावर नको, म्हणाला. गाडी विकली. घरातून निघाला की फाटकापासून परत फिरायचा, गॅस बंद केला का बघायला. पुन्हा निघायचा, पुन्हा फिरायचा. आमच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. श्रीकांत म्हणायचा, "बिचारा गं. पण वेळेत लक्षात आलं हे बरं झालं. थिंक ऑफ मृणाल." मी हो म्हणायचे. वर्षभरात कॅरिस त्याला घेऊन गेली आणि मँचेस्टरला तिच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवलं. रिकाम्या घराकडे बोट दाखवून मृणाल विचारायची, आर्नेआजोबा कधी येणार? आजोबांना बरं नाही, असं मी सांगायचे.

नव्वदनंतर एकदा कॉन्फरन्ससाठी मँचेस्टरला गेले, तेव्हा त्याला भेटायला गेले. टाळता आलं असतं. टाळलं नाही, याचं श्रेयही मला नको, कारण सांगायला म्हणून गेले आणि सांगितलं नाही. ट्रॅममध्ये वाक्यं जुळवत होते. तो लाउंजमध्ये खिडकीपाशी बसला होता. वाळला होता, पण नजर तीच. मला लगेच ओळखलं. मृणालच्या नर्सरीतल्या बाईंचं नाव मला आठवेना, ते त्यानं सांगितलं.

मग तो आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे वळला. "ही माझी डॉक," म्हणाला. "मी हिचं घर पेटवलं, पोर आत असताना. आणि हिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. शेजारच्या म्हातारीनं माझ्या दंडावर थोपटलं. आर्ने नुसता बघत होता, वाट बघितल्यासारखा.

आणि मी काय म्हणाले?

"जाऊ द्या आता ते, आर्ने," मी म्हणाले. "मी कधीच माफ केलंय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी चहा आणला. मी तो घेतला, बिस्किटही खाल्लं, आणि साडेपाचच्या ट्रेननं परत आले.

त्याच हिवाळ्यात आर्ने गेला. घर आपणच जाळलं आणि मी आपल्याला माफ केलं, असं समजून गेला.