अक्कांची पहिली

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसलात. "आजी, सारखी 'माझ्याकडे बघून बोला' का म्हणतेस? तुला ऐकू येतं ना?" येतं. ही सवय अक्कांच्या वर्गातली. त्या गेल्या महिन्यात गेल्या, म्हणून आता लिहिते आहे.

अक्का इथे कन्नड मुलखात, राजाजीनगरच्या आमच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी निम्मं कन्नड. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली. कितीतरी वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मी मुख्याध्यापिका झाले आणि त्या मला मॅडम म्हणू लागल्या.

"अक्का, मला कसलं मॅडम?"

"खुर्चीला म्हणते गं. तू नुसती तिच्यावर बसलीयस."

पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं. कानात यंत्र घातलं, पण पोरांच्या कलकलाटात ते नुसतं करकरायचं. पालकांच्या तक्रारी आल्या. त्यातले बरेच जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत राबणारे, पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे. त्यांना चूक कसं म्हणू? कमिटीने सांगितलं, अक्कांना वर्गावरून काढा, ऑफिसात बसवा.

वाईट बातमी ऑफिसात बोलावून, दार लावून, थोडक्यात द्यायची, असं मी तेव्हा समजत होते. अक्कांना तसं बोलावणं होईना. मी त्यांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले.

वर्ग शांत होता. एक मुलगी उठली, अक्कांच्या पुढ्यात गेली, त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली आणि मग सावकाश बोलली. तिचं झाल्यावर दुसरी. ढकलाढकली नाही.

"हे कुणी शिकवलं?" सुट्टीत मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, तुम्हीच सांभाळा."

मी काही न सांगता परतले. कमिटीकडे एक वर्ष मागितलं. मिळालं नाही. मग पुन्हा त्याच वर्गात जाऊन अक्कांना सांगितलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सगळं ऐकून घेतलं. "तू स्वतः आलीस, शिपाई नाही पाठवलास. सरी, चालेल. शनिवारपर्यंत राहू दे. कविता अर्धी राहिलीय."

ऑफिसातली जागा त्यांनी घेतली नाही. फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. भेटायला जावं लागे, आणि मला सवड थोडी. जाणं कमी कमी होत गेलं. त्यानंतर कुणाबद्दलही निर्णय घेण्याआधी मी त्याच्या वर्गात जाऊन बसायची. लोक म्हणत, मॅडम आता तयार झाल्या. ती तयारी कुणाच्या जिवावर झाली, ते मला ठाऊक होतं.

त्यांच्या जागी आलेल्या बाईंचे कान उत्तम होते, तरी मुलं पुढ्यात येऊन उभी राहत. "मोडू का ही सवय?" बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं.

अक्का नाहीत, मीही निवृत्त झाले. आमच्या शाळेच्या पहिलीत मुलं अजून बाईंच्या समोर येऊन, त्यांच्याकडे बघून, एकेक करून बोलतात.