तांबड्या ठिपक्याचं नाव

सोमवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी जयसिंग शेडगे पौडच्या शाळेच्या मैदानात पडद्याची दोरी खांबाला आवळत होता. पडदा सैल राहिला तर वाऱ्याने चित्रातली माणसं पोट सुटल्यासारखी दिसतात. त्या दिवशीच्या जाहिरातीत मात्र माणसं नव्हतीच, आणि तीच त्याची अडचण होती.

जयसिंग पौडचाच, एका साबण कंपनीच्या प्रचारगाडीवर 'बोलणारा' आहे. वय चाळिशीच्या आसपास, आवाज खणखणीत. आधी तो कापडाच्या दुकानात होता. बाजाराच्या दिवशी लुगडं खांद्यावर टाकून गिऱ्हाईक बोलवायचा. कंपनीच्या माणसांनी तो आवाज ऐकला आणि त्याला गाडीवर घेतलं. गाडी गावोगाव जाते, देवादिकांच्या चित्रपटाची दोन रिळं फुकट दाखवते आणि मध्ये चांदणी साबणाची जाहिरात लावते. जुन्या जाहिरातीत एक सून नदीवर धुणं धुते आणि सासू खूश होते. दोघी हिंदीत बोलतात. जयसिंग मशीनचा आवाज बंद करायला लावायचा आणि सासू-सून दोघींचं मराठीतून स्वतः बोलायचा. त्या सासूचे टोमणे मुळशी खोऱ्यातल्या बायकांना पाठ आहेत.

नवी जाहिरात मुंबईच्या रेगेसाहेबांनी केली. जेमतेम दीड मिनिटाची, रंगीत, हाताने काढलेल्या चित्रांची. सून नाही, नदी नाही, शब्द नाही. निळ्या रेघा सळसळत येतात, पिवळा त्रिकोण उड्या मारतो, तांबडा ठिपका फुगत फुगत पडदाभर होतो. मग डावीकडून पांढरा पट्टा येऊन सगळं पुसून टाकतो आणि शेवटी साबणाची वडी दिसते. सोबत सतार आणि तबला.

आकाराला भाषा लागत नाही, असं रेग्यांचं म्हणणं. एकच रीळ काश्मीरपासून केरळपर्यंत चालेल. विलायतेत घरोघरी टेलिव्हिजन आहे, तिथे अशा जाहिराती लागतात. दिल्लीत टेलिव्हिजन आलाच आहे, इकडेही येईल, आणि त्या पेटीशेजारी कोणी बोलायला उभा राहणार नाही. हे रीळ चाललं तर गाडीवर एकटा ड्रायव्हर पुरे, हेही त्यांनी जयसिंगला तोंडावर सांगितलं. जयसिंगने मान हलवली. गाडी चालवणारा आणि मशीन लावणारा वाल्मीक मात्र त्याला रोज छळू लागला. "जयसिंगराव, कापडवाल्याकडं जागा हाय का बघा. माझं काय, मी हाय हितंच."

पहिली चाचणी बावधनला झाली, बोलण्याशिवाय. लोक खिळून बसले. "परत लावा" असा गलका झाला आणि वाल्मीकने रीळ पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेगे स्वतः पारावर आणि विहिरीवर विचारत फिरले, की काल जाहिरात कशाची होती. कोणी पतंगांची म्हणालं, कोणी रंगाच्या कारखान्याची. एका म्हाताऱ्याने अल्पबचतीची असं ठामपणे सांगितलं. साबणाचं नाव कोणी घेतलं नाही. रेगे खचले नाहीत. लोक जागचे हलले नाहीत, हे त्यांनी जमेस धरलं. तुलना व्हावी म्हणून पौडला त्यांनी जयसिंगला बोलायची परवानगी दिली. त्याची जागा राहते की जाते, हे या खेळावर होतं.

जयसिंगने ठरवलं होतं, की प्रत्येक आकाराला इथलं नाव द्यायचं. निळ्या रेघा आल्या तेव्हा तो म्हणाला, ही आपली मुळा. पिवळा त्रिकोण उडाला तेव्हा म्हणाला, तिकोना किल्ला, मावळातून पळून आलाय. पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांची बाजू गप्प होती. साबण त्याच घेतात, म्हणून त्यांच्यासाठी काहीतरी हवं होतं. तेवढ्यात तांबडा ठिपका फुगू लागला.

"आन् हे बघा आयाबायांनो," जयसिंग म्हणाला, "हे सवाष्णीचं कुंकू."

ठिपका पडदाभर झाला. बायका पुढे सरकल्या. मग डावीकडून पांढरा पट्टा आला.

पट्टा येणार हे त्याला पाठ होतं. कुंकू हे नाव मात्र ऐनवेळी सुचलेलं. पट्ट्याने कुंकू पुसलं, पडदा पांढरा झाला, आणि त्यावर चांदणी साबण उमटला. मैदानात फक्त सतार वाजत होती.

पुढच्या रांगेत बसलेल्या सगुणाबाई उठल्या. गावातल्या लग्नांत हळद पहिली त्यांच्या हातची लागते. "कुंकू पुसलंस की रं, जयसिंगा," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून घरी निघाल्या. त्यांच्यामागे बायकांची बाजू रिकामी झाली. वाल्मीकने कोणी न सांगता मशीन बंद केलं.

मंगळवारी रेग्यांनी पौडात विचारलं. साबणाचं नाव सगळ्यांना येत होतं. तो कुंकू पुसतो, हेही सगळ्यांना माहीत होतं. दुकानदाराने ठेवलेला माल परत न्यायला सांगितलं.

जयसिंग सगुणाबाईंकडे गेला. त्या गोठ्यात शेण भरत होत्या. चुकलं, म्हणाला. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"कुंकू कशाला म्हनायचं? पानाची पिंक म्हन. नवऱ्याच्या सदऱ्यावरची. मंग पुस किती पुसायची ती."

बुधवारी घोटवड्याला त्याने पिंक म्हटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि दोन-तीन पुरुषांनी आपला सदरा बघितला. गुरुवारी सकाळी रेगे पुन्हा फिरले. निम्म्याहून जास्त लोकांनी साबण म्हणून सांगितलं. बाकीच्यांना ती पानतंबाखूच्या विरोधातली सरकारी जाहिरात वाटली. दुकानात पाच-सहा वड्या गेल्या. सासू-सुनेच्या जाहिरातीनंतर याहून जास्त जायच्या, असं दुकानदार म्हणाला.

रेग्यांचा निष्कर्ष मोजका आहे. आकार डोळा धरून ठेवतात, पण वस्तूचं नाव सांगत नाहीत. ते कोणा माणसाने द्यावं लागतं, आणि तो चुकलाच तर चूकही लोकांच्या लक्षात राहते. मुंबईच्या थिएटरांत रीळ बिनबोलाचं लागेल. खेड्यांत बोलणारा राहील, निदान पावसाळ्यापर्यंत. पावसाळ्यानंतरचं त्यांनी सांगितलं नाही आणि जयसिंगने विचारलं नाही. पौडला गाडीचा खेळ तूर्त बंद आहे, चांदणी साबणही तिथे मिळत नाही. जयसिंगच्या घरीही आता दुसराच साबण येतो.

उद्या खेळ ताम्हिणीला आहे. गाडी दुपारी दोन वाजता पौडच्या एसटी थांब्यावरून निघेल. आधी सासू-सून लागेल, मग ठिपका.